भोक बघितल्याशिवाय बोल्ट नाही

मालवणच्या बाजारातून बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं नट-बोल्टचं दुकान आहे. 'आमचं' ही जुनी सवय. बाबा गेल्यापासून गल्ल्यावर मीच बसते, आणि बाईमाणूस बोल्ट विकतं याचं नवल वाटणाऱ्यांचं नवल काही अजून संपत नाही. पर्यटक फोटो काढतात. मासे विकणारी बाई चालते, खाजं विकणारी चालते, कोकमं विकणारी चालते. बोल्ट विकणारी दिसली की माणसं माझ्या डोक्यावरून मागे बघतात, आतून कुणी पुरुष बाहेर येतो का म्हणून. येत नाही. आत फक्त बोल्ट आहेत.

"लग्न नाही झालं तुमचं?" हा दुसरा प्रश्न. झालं नाही असं नाही, केलं नाही. यावर बहुतेक लोक गप्प होतात. जे होत नाहीत त्यांना मी विचारते, बोल्ट कुठला हवाय?

आणि तिथेच पुष्कळांचं घोडं पेंड खातं. कारण बोल्ट म्हणजे बोल्ट अशी सगळ्यांची समजूत. एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला आटे, आट्यांवर चढणारा नट, मध्ये दांडा. दोन वस्तूंनी एकमेकींना सोडू नये एवढंच त्याचं काम. पण कुठल्या दोन वस्तू, त्या हलतात की स्थिर आहेत, पाण्यात की उन्हात, उद्या उघडायच्या आहेत की कधीच नाही, यावर सगळं ठरतं. षटकोनी डोक्याचा साधा बोल्ट लोखंडाला लोखंड जोडायला. त्याचं डोकं पान्यात धरायचं आणि आवळायचं. लाकडाला तो नको. लाकडाला कॅरेज बोल्ट, गोल गुळगुळीत डोक्याचा. डोक्याखाली त्याची मान चौकोनी असते. ती लाकडात रुतून बसते, मग नट फिरवला तरी बोल्ट जागचा हलत नाही. वाडीच्या बेड्याला म्हणजे फाटकाला, दाराच्या कडीला, होडीच्या फळीला हाच. बाहेरून पाना लावायला जागाच नसल्यामुळे चोराचीही पंचाईत होते.

घराच्या पत्र्याला 'जे' बोल्ट, इंग्रजी J सारखा वाकडा. तो खालच्या पाइपाला मिठी मारतो, आणि वर डांबरी वायसर, म्हणजे वॉशर, घालून नट बसवला की पाणी गळत नाही. वायसर न घालता 'चलता' म्हणणारे लोक दर पावसात घरभर टोपं मांडून बसतात, आणि दर पावसात माझ्याकडे येऊन पत्र्याला शिव्या देतात. पंपाच्या मोटरीला पायाचा बोल्ट, ज्याची शेपटी वाकडी करून काँक्रीटमध्ये पुरलेली असते. टेम्पोवाल्यांना यू बोल्ट, जो पाट्याच्या स्प्रिंगांना एकत्र बांधून ठेवतो. इंजिन साखळीने उचलायचं तर आय बोल्ट, डोक्याच्या जागी कडी असलेला. ज्याला डोकंच नाही, दोन्हीकडे आटे, तो स्टड. मोटरसायकलवाल्यांना अ‍ॅलन बोल्ट, डोक्यात षटकोनी खाच असलेला. आणि हल्ली सगळ्यात जास्त खप कशाचा, तर भिंतीत ठोकून आत फुलणाऱ्या अँकर बोल्टचा. ज्याच्या घरात एक खोली रिकामी आहे तो होमस्टेचा बोर्ड लावतोय आणि ज्याच्या घरात नाही तो एसी.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते 'फुल आटे' मागणाऱ्यांवर. आटे जितके जास्त तितका बोल्ट मजबूत, ही अक्कल यांना कोण देतो कोण जाणे. दोन फळ्या जोडायच्या तर बोल्टाचा गुळगुळीत दांडा त्यांच्या सांध्यात बसायला हवा. आटे तिथे आले तर ते कानशीसारखे लाकूड खात बसतात, आणि स्वतःही तिथेच मोडतात. हे मी दिवसातून कितीदा सांगते त्याचा हिशेब ठेवलेला नाही. ऐकणारे ऐकतात. न ऐकणाऱ्यांना फुल आट्याचा बोल्ट देते आणि वर सांगते, मोडलो की परत येवा.

हे सगळं मला बाबांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे समोर बसवून नव्हे. ते बोल्ट विकत आणि बडबडत, मी ऐके. त्यांचे दोन नियम होते. पहिला दुकानाचा नव्हता, किनाऱ्याचाच होता. होडीचा जुना झालेला बोल्ट परत होडीवर न्यायचा नाही. दर्यात झिजलेली वस्तू जमिनीवर ठेवून जायची, नाहीतर ती बाकीच्यांना आपल्यामागे ओढते असं जुने लोक म्हणत. म्हणून आमच्या गल्ल्याखाली एक मोठा पत्र्याचा डबा आहे. गिऱ्हाईक नवा बोल्ट हातात घेण्याआधी जुना त्या डब्यात स्वतःच्या हाताने टाकतं. डबा भरला की दसऱ्यानंतर भंगारात जातो.

दुसरा नियम खास बाबांचा. "बोल्ट फसवता, भोक फसवणा नाय." लोक येतात ते नमुना घेऊन, ह्यासारखे दी म्हणतात. पण नमुना म्हणजे गंजून खाल्लेला बोल्ट. खाऱ्या पाण्यात लोखंड झिजतं, पाच सुताचा चार सुताचा होतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या धंद्यात अजून तेच चालतं. दुकानदार नमुन्याला नमुना जुळवून बारका बोल्ट देतो. पुढच्या खेपेला तो झिजतो, त्याचाही नमुना येतो. असं होत होत बोल्ट बारीक होत जातो, भोक मात्र रुंद होत जातं, आणि सगळ्यांना वाटतं आपण अगदी मापाने चाललोय. म्हणून बाबा श्रावणात व्हर्नियर, म्हणजे जाडी आणि भोकं मापायची सरकती पट्टी, खिशात घालून किनाऱ्यावर जात. होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या असत. एकेकीवर चढत, भोकं मापत, आणि मगच बोल्ट देत.

मी त्यांच्याबरोबर जाई. सुरुवातीला वर चढेसुद्धा. मग मोठी झाले, आणि एका होडीवाल्याच्या आईने बाबांना सांगितलं, "आता हिका वर हाडू नको." त्यांच्या वाडीत रीत अशी की आषाढात होडी वर ओढली की नारळी पुनवेला दर्याला नारळ देईपर्यंत बाईचा पाय होडीला लागता नये. सगळीकडे अशी रीत नाही, पण त्यांच्यात आहे. आणि बोल्ट बदलायचे दिवस नेमके तेच. बाबांनी वाद घातला नाही. ते वरून माप ओरडत आणि मी खाली वाळूत काडीने लिहून ठेवी. मला तेव्हा राग आला होता. अजूनही येतो. राग जुना झाला की गंजतो म्हणतात, माझा नाही गंजला.

बाबा गेले आणि होडीवाल्यांचं गिऱ्हाईक रोडावलं. पंपवाले, पत्रेवाले, टेम्पोवाले, होमस्टेवाले यांच्यावर दुकान नीट चाललं, पण श्रावणातली गर्दी गेली. काहीजण कुडाळला जायला लागले. काहीजण माझ्याकडे नमुना पाठवून देत आणि मी जमेल तेवढं विचारून, अंदाज बांधून बोल्ट देई.

मग माझा धाकटा भाऊ मुंबईहून आला. श्रावण चालू होता. तो रजा काढून आला म्हणजे काहीतरी शिजत असणार हे मी ओळखलं होतं. मुंबईला गेल्यापासून तो माझ्याशी प्रमाण मराठीत बोलतो. मी सरकारी कचेरीत बोलते तसं.

"ताई, एक चांगला भाडेकरू मिळतोय दुकानाला," तो म्हणाला. "स्कूबाचं बुकिंग ऑफिस करायचंय त्याला. इथेच पाहिजे, बंदराच्या वाटेवर."

"दुकान खाली नाय."

"तू किती दिवस लोखंड उचलणार? घरी बसून भाडं खा की. दुकान दोघांचं आहे, मला काही जबरदस्ती करायची नाही. पण विचार कर."

"केलंय. नाय."

तो वाईट माणूस नाही. माझी काळजी त्याला खरंच आहे, आणि तेच जास्त अवघड. शत्रूशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याला दाराबाहेर कसं काढायचं? दोन दिवस तो गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून चहा पीत राहिला आणि मी बोल्ट विकत राहिले. त्याला खात्री होती की मी थकेन.

तिसऱ्या दिवशी त्या वाडीतला एक तांडेल आला. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, आणि ही होडी त्याचीच. लाकडी, आत डिझेलचं इंजिन. त्याने खिशातून गंजलेला बोल्ट काढून गल्ल्यावर ठेवला.

"ह्यासारखे चार दी गो बाय. इंजिनाचे."

इंजिन ज्या लाकडी पाटावर बसतं, त्याला धरून ठेवणारे हे बोल्ट. मी व्हर्नियर लावला. चार सूत. पण बोल्टाला जो वायसर गंजून चिकटला होता तो सैल होता. काडीने टोकरला तसा सुटून गल्ल्यावर लोळायला लागला. त्याचं भोक पाच सुताचं.

"तांडेलानू, बोल्ट चार सुताचो आणि वायसर पाच सुताचो. असा कसा?"

"वायसर मोठो असलो तर बरोच मा."

"पाटाचा भोक केवढा आसा?"

"बोल्टाएवढा."

"तां माका बघूक व्हया."

तो हसला. "तू बघतलंस? व्हडीर येवन?"

तुम्ही तरी माप आणा, एवढंच मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांबूची तासलेली काडी घेऊन आला. भोकात घट्ट बसेल अशी स्वतः तासलेली, अगदी सुबक. मापली तर बरोबर चार सूत. तो विजयी मुद्रेने भावाकडे बघायला लागला. मी काडी उजेडात धरली. तिच्या टोकाला काळे तेलकट धागे चिकटले होते.

"भोकात काय भरलात?"

"दोरी. जाळ्याची जुनी. तेलात भिजवन. बोल्ट हलता म्हणान भरूक व्हयी. माझो बापूस पण तशीच भरायचो."

"मगे ह्यां दोरीचा माप हाडलात. भोकाचा नाय."

त्याच्या कपाळावर आठी पडली. खरं सांगायचं तर चूक त्याची एकट्याची नव्हती. बोल्ट बारीक मिळाला, सैल बसला, म्हणून बापाने दोरी भरली. दोरीमुळे तो घट्ट वाटला, म्हणून पुढचा बोल्टही तेवढाच आणला. बापाची दोरी, त्यावर मुलाची दोरी. त्या इंजिनाला बोल्टांनी नव्हे, दोरीच्या बोळ्यांनी धरून ठेवलं होतं. बाबांचं वाक्यही इथे अपुरं पडलं होतं. भोकसुद्धा फसवतं, त्यात कुणी काही भरून ठेवलं तर. त्याला स्वतः जाऊन, आतलं उपसून बघितल्याशिवाय इलाज नसतो.

"पयली ती दोरी काडा," मी म्हटलं. "मगे मी येवन बघतंय. तोसर बोल्ट गावाचो नाय."

"तुझो बापूस असो आडमुठो नाय होतो."

"माझो बापूस व्हडीर चडत होतो. माका चडूक देवा, मी पण तसाच करतंय."

"बोल्ट दितंस काय नाय?"

"नाय."

"कुडाळाक मेळतत."

"मेळतत. जावा."

तो पाय आपटत गेला. जुना बोल्ट डब्यात न टाकताच गेला, गल्ल्यावरच ठेवून. भाऊ एवढा वेळ कपात बघत होता. त्याने कप खाली ठेवला.

"दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलंस."

"चुकीचो बोल्ट दिवक जमाचा नाय."

"ताई, ऐक. बाबा होडीवर जायचे म्हणून हे दुकान होतं. तू जाऊ शकत नाहीस. तुझा दोष नाही तो, पण खरं आहे ना? अर्धं दुकान बाबांबरोबरच गेलं. उरलेल्या अर्ध्यावर तू कशाला जीव काढतेस?"

हे मला लागलं. त्याने भांडून म्हटलं असतं तर मी चार सुनावल्या असत्या. तो शांतपणे म्हणाला, आणि त्यात खोट नव्हती. डोक्यात तिडीक गेली ती त्याच्यावर नव्हे, त्या वाळूवर, जिच्यात मी काडीने मापं लिहीत उभी राहिले होते. मी गल्ल्यावरून उठले, आत जाऊन उगाच खोकी इकडची तिकडे केली. बाहेर येऊन त्याला सांगितलं, संध्याकाळपर्यंत भाडेकरूचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. त्याने काढलं नाही. पण त्याला वाटलं आता मी वळणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

दुपारी बाजार उठल्यावर त्या तांडेलाची बायको आली. ती मासळी बाजारात बसते. आमच्या पायरीवर रिकामी पाटी उतरवून ती बसली आणि पदराने मान पुसत म्हणाली, "काय गो, माझ्या घोवाक बोल्ट कित्याक दिलंस नाय? घरात नुसतो तणतणता."

मी तिला पाणी दिलं. मग चार सुताचा एक नवा बोल्ट घेतला, पाच सुताच्या नटात घातला आणि तिच्या कानाशी धरून हलवला. खुळखुळला.

"ह्यां ऐक. तुमच्या इंजिनाक असो बोल्ट आसा. मधी दोरी भरली हा म्हणान आवाज येणा नाय."

"आणि दोरी कुजली तर?"

"इंजिन हलतला. इंजिन हलला की त्येचो पंख्याकडचो दांडो हलतलो, आणि दांडो जंयसून भायर जाता थंयसून पाणी आत येतला."

तिने बोल्ट माझ्या हातातून घेतला, स्वतः हलवून बघितला. पुन्हा हलवला. "घोव आणि झिल," ती म्हणाली, "दोघव त्याच व्हडीर जातत."

नवरा आणि मुलगा, दोघंही त्याच इंजिनाच्या भरवशावर.

"मगे तू वर चडान बघीत कित्याक नाय?"

"माका विचारतंस? तुमच्या वाडीची रीत मी केलंय काय?"

ती पायरीवरून उठली आणि म्हणाली, "व्हडीतले मासे आमी विकतलंव, जाळी आमी शिवतलंव, वादळात देव पाण्यात आमी घालतलंव. आणि पाय तेवढो नको!" तो खुळखुळणारा बोल्ट नटासकट तिने पदराच्या टोकाला बांधला, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. पैसे द्यायचे राहिले तिचे. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दुकानात होता आणि तो भाडेकरूही आला होता. हातात टेप घेऊन दुकानाचा दर्शनी भाग मापत होता, बोर्ड केवढा मावेल ते बघायला. मी त्याला 'कुणी बोलावलं' विचारणार एवढ्यात तांडेल आला. घामाघूम. काल कुडाळची भाषा करणारा माणूस, आज दारात उभा राहून पायरी चढेना.

"चल," तो म्हणाला.

"खंय?"

"व्हडीर. बघ काय बघूचा ता. माझी बायल सकाळीच व्हडीर चडान बसली हा. उतरणा नाय. म्हणता, बाटूची ती बाटली, आता तिका हाड."

हसू आवरून उभं राहणं सोपं नव्हतं. बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी व्हर्नियर घेतला, पाना घेतला, मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, चपला अडकवल्या. भाऊ उभा राहिला.

"ताई, आत्ता? हे आलेत..."

"तेंका मापूंदेत. तू गल्ल्यार बस."

किनाऱ्यावर बायांचा घोळका जमला होता, आणि बाप्ये जरा लांब उभे होते, जणू त्यांचं यात काही नाही. होडीवर निळं ताडपत्रीचं छप्पर, त्याखाली काठावर ती बसलेली, पाय आत सोडून, शेजारी पाटी. बाजाराला दांडी मारून. तिने मला हात दिला. मी तिचा हात धरून वर चढले. खाली कुजबुज झाली. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल, छाती भरून वगैरे येईल. आलं नाही. डिझेलचा वास आला, आणि गुडघा फळीला आपटला.

इंजिनाच्या पायाला चार भोकं होती. ती लोखंडाची, ती बदललेली नव्हती, पाच सूत म्हणजे पाच सूत. पण खालच्या लाकडातली? मी उरलेले तीन बोल्ट पान्याने काढले आणि स्क्रूड्रायव्हरने दोरी उकरायला घेतली. तेलाने काळी झालेली, कुजलेली, मूठभर मूठभर बाहेर यायला लागली. केरसुणीच्या जुन्या बुडख्यासारखा ढीग झाला. शेवटचा धागा निघाला तेव्हा भोकात माझं बोट गेलं आणि हललं. सहा सूत, आणि दोन भोकं तर गोलही राहिली नव्हती. मी तांडेलाला वाकायला सांगितलं. त्याने बोट घातलं. काढलं. पुन्हा घातलं.

"बापाशीन सांगल्यान नाय," तो हळूच म्हणाला.

"बापाशीक तरी खंय म्हायत होता," मी म्हटलं. त्या वेळी मला त्याचा राग नव्हता.

सुताराकडून फणसाच्या लाकडाच्या गोल खुंट्या ठोकून ती भोकं भरायची, त्यात पाच सुताची नवी भोकं पाडायची, आणि पाच सुताचे अर्ध्या आट्याचे बोल्ट घालायचे. गुळगुळीत दांडा लाकडात, खाली जाड पट्टी, वर दोन-दोन नट, म्हणजे थरथरीने सुटायला नको. हे सगळं मी तिथेच बसून त्याला समजावलं. 'फुल आटे चालतीत काय' असं त्याने विचारलं आणि मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. बायको खो खो हसली.

खाली उतरताना एका म्हाताऱ्याने मान फिरवली. दुसरा कुणीतरी म्हणाला, व्हडी बाटली ती बाटलीच, ह्या पुनवेक बघा काय होता ता. मी थांबले. वाटेने निघून जाणं शहाणपणाचं होतं, पण शहाणपण मला कधी जमलेलं नाही.

"आजपासून बोल्ट व्हयो असलो तर माका भोक दाखवूक व्हया," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "माझो पाय नको असात तर कुडाळाक जावा. एसटी सुटता दर तासाक." आणि दुकानाकडे चालायला लागले.

भाडेकरू गेला होता. भाऊ गल्ल्यावर. माझे हात कोपरापर्यंत काळे. मी काल गल्ल्यावर राहिलेला तो जुना बोल्ट उचलला. तांडेल मागोमाग आलाच होता. त्याच्या हातात ठेवला. त्याने तो आणि होडीवरून काढून आणलेले बाकीचे तीन डब्यात टाकले आणि मग नवे चार घेतले.

"काय झालं?" भावाने विचारलं.

"सहा सूत झालेला," मी म्हटलं आणि हात धुवायला आत गेले.

रात्री जेवताना तो म्हणाला, भाडेकरूला अजून काही सांगितलेलं नाही. मी त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

पुढच्या दोन दिवसांत कुणी होडीवाला फिरकला नाही. एकही नाही. पत्र्याचे, पंपाचे, होमस्टेचे लोक येत होते आणि मी वरवर शांत होते, पण मनात धाकधूक होतीच. वाडीने ठरवून पाठ फिरवली असेल तर? श्रावणातलं गिऱ्हाईक कायमचं कुडाळला गेलं तर भावाचं म्हणणंच खरं ठरणार होतं. तरीही नारळी पुनव यायच्या आधीच मी बोर्ड लिहून लावायला घेतला, हाताने, लाल रंगाने. भोक बघितल्याशिवाय बोल्ट नाही. भावाने तो वाचला, हसला नाही, नुसती खुर्ची सरळ करून दिली मला वर चढायला.

तो निघायच्या सकाळी बॅग दुकानाच्या पायरीवर होती आणि कुडाळ स्टेशनला जाणाऱ्या रिक्षाची वाट बघत तो गल्लीच्या तोंडाकडे पाहत होता. तेवढ्यात एक म्हातारा आला. मी त्याला ओळखलं. त्या दिवशी किनाऱ्यावर मान फिरवणारा तोच. दुकानापुढे उभा राहिला, बोर्ड वाचला की नाही कोण जाणे.

"बोल्ट पाहिजे का, काका?" भावाने विचारलं. सवयीने हात पुढे केला. "नमुना आणलाय?"

म्हाताऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. दोन्ही हात रिकामे, पाठीशी बांधलेले.

"नमुनो कशाक?" तो म्हणाला. "हिका घेवन जावक इलंय."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी व्हर्नियर घेतला, पाना घेतला, चपला शोधल्या. एक चप्पल सापडेना, ती त्याच्या बॅगेखाली निघाली.

"रिक्षा येयसर दुकान सांभाळ," पायरी उतरता उतरता मी त्याला म्हटलं. "अर्धा नाय. आख्खा."

म्हातारा पुढे, मी मागे. गल्लीच्या वळणावर पोचले तेव्हा मागे भावाचा फोन वाजला. भाडेकरूच असणार, तो रोज याच वेळी करायचा. भावाचा आवाज ऐकू आला, मुंबईचा नव्हे, घरचा.

"नाय हो," तो म्हणत होता. "दुकान खाली नाय. दुकान चालू आसा."